फोटोच्या मागची बाजू

गेल्या उन्हाळ्यात धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आले. खरं तर जायचं होतं आईनं. पण तिचे गुडघे बघता एवढा प्रवास तिला झेपला नसता. मग ‘ताई, तूच ये गं’ असा फोन आला आणि डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा बांधून मी मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटजवळ तिच्या घरी जाऊन पोचले.

परत आल्यावर महिला मंडळातल्या मैत्रिणींनी विचारलं, ‘‘काय काय पाहिलंस?’’ मी म्हटलं, ‘‘एक लाकडी बोट पाहिली आणि बुटांच्या खोक्यात भरलेले शे-दीडशे जुने फोटो पाहिले.’’ सगळ्या हसल्या. ‘‘अगं, त्यासाठी अमेरिकेला कशाला जायला हवं?’’ त्यांचं बरोबर होतं. पण त्या खोक्यानं माझ्या डोळ्यांत जे अंजन घातलं, ते सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

बहिणीच्या शेजारी एक जोडपं राहतं. दोघंही पंचाहत्तरीच्या घरात. त्यांची मोटार बाहेर उन्हात आणि गॅरेजमध्ये पांघरूण घालून बोट! बाळाला बघायला त्या आजी आल्या, तेव्हा मी सहज बोटीचं विचारलं. त्यांना तेवढंच पाहिजे होतं. लगेच हाताला धरून घेऊन गेल्या. पांघरूण काढलं आणि मी बघतच राहिले. तांबूस महोगनीचं लाकूड, त्यावर व्हार्निशचे इतके हात, की आपला चेहरा दिसावा. मला आजोळच्या शिसवी कपाटाची आठवण झाली. बोट 22 फुटांची, 1950 सालची, ‘क्रिस-क्राफ्ट’ कंपनीची. आजोबा तिचं लाकूडकाम बघतात आणि आजी तिचा इतिहास शोधतात. म्हणजे कागद, पत्रं आणि मुख्य म्हणजे जुने फोटो.

ही कंपनी त्यांच्या घरापासून मोटारीनं तासाभराच्या अंतरावरची. ॲल्गोनॅक नावाचं नदीकाठचं छोटं गाव. नदीचं नाव सेंट क्लेअर, पलीकडचा काठ कॅनडाचा. क्रिस स्मिथ नावाचा इथला एक माणूस पोरवयातच भावाबरोबर बदकांच्या शिकारीच्या होड्या बनवू लागला. पुढे 1922 मध्ये त्यानं आणि त्याच्या मुलांनी कंपनी काढली. शेजारी डेट्रॉइटमध्ये मोटारी ठरावीक नमुन्याच्या, एकामागून एक बाहेर पडत होत्या. यांनी बोटी तशाच करायला घेतल्या. पूर्वी बोट म्हणजे श्रीमंतानं सुताराला सांगून खास करून घ्यायची वस्तू. आता ती कॅटलॉगमध्ये बघून, डीलरच्या दुकानातून, चक्क हप्त्यावर मिळू लागली. कारखान्यातून बोट रेल्वेनं निघायची आणि तळ्याकाठच्या गावातल्या डीलरकडे उतरायची. मग डीलर तिला दुकानापुढे उभी करायचा आणि तिच्याशेजारी आपण उभं राहून फोटो काढायचा. कधी कंपनीला पाठवायला, कधी गावच्या पेपरात जाहिरात द्यायला, तर कधी नुसताच हौसेनं.

तेच हे फोटो. धंद्यासाठी काढलेले, कुणी जपून ठेवावेत म्हणून नव्हेच. नंतर फायबरग्लासच्या बोटी आल्या. त्यांना ना दरवर्षी व्हार्निश लागायचं, ना फळ्या बदलायला लागायच्या. लाकडी बोटी मागे पडल्या आणि 1970 नंतर थोड्याच वर्षांत या कंपनीनंही त्या करणं थांबवलं. कित्येक बोटी अंगणात कुजल्या, कित्येक जळणाला गेल्या. डीलर म्हातारे झाले, दुकानं बंद पडली. फोटोंची पाकिटं कुठे माळ्यावर, कुठे कचऱ्यात. पुढे लोकांना या बोटींचा लळा लागला. 1975 मध्ये जुन्या बोटींच्या हौशी मंडळींची मोठी संघटना स्थापन झाली. 1981 मध्ये ‘ऑन गोल्डन पाँड’ सिनेमात कॅथरिन हेपबर्न आणि हेन्री फोंडा यांच्याबरोबर अशीच एक क्रिस-क्राफ्ट पडद्यावर दिसली. मग मात्र ‘आपली बोट मूळची कशी होती?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला आणि डीलरांच्या फोटोंना भाव आला.

आजींचं खोकं असंच आलं. तळ्याकाठच्या एका गावातला डीलर वारल्यावर घरातलं सामान विकायला काढलं होतं. आजी तिथे गेल्या होत्या काचेच्या बरण्या घ्यायला आणि घेऊन आल्या हे खोकं!

बाळ झोपलं की दुपारी मी त्यांच्याकडे जाऊन बसायची. जेवणाच्या टेबलावर फोटो मांडलेले, हातात भिंग. त्यांनी मला फोटो वाचायला शिकवलं. हो, वाचायलाच! ‘‘आधी बोट बघायचीच नाही,’’ त्या म्हणायच्या, ‘‘आधी मागचं बघायचं.’’ मागे मोटार उभी असेल तर तिचं मॉडेल बघायचं, कारण फोटो त्या मोटारीपेक्षा जुना असूच शकत नाही. नंबरप्लेटवर साल असेल तर सोन्याहून पिवळं. बोटीच्या नाकावर नंबर असेल तर तो नीट वाचायचा. अमेरिकेत 1958 च्या कायद्यानंतर राज्याराज्यांनी बोटींना नवे नंबर दिले. मिशिगनचा नंबर ‘एमसी’ या अक्षरांनी सुरू होतो. म्हणजे ‘एमसी’ दिसलं की फोटो त्या कायद्यानंतरचा. मग दुकानाची पाटी, झाडांना पानं आहेत की नाहीत, माणसांचे कोट, बायकांच्या फ्रॉकची उंची. आणि सगळ्यात शेवटी बोट. काच कशी आहे, दिवे कुठे आहेत, बैठका किती आहेत.

त्यांच्या स्वतःच्या बोटीला आधीच्या मालकानं समोर प्लॅस्टिकची एकसंध काच लावली होती. आजोबा तीच मूळची समजून बसले होते. खोक्यातल्या फोटोत त्याच वर्षाच्या, त्याच नमुन्याच्या बोटीला मधे कोन असलेली दोन तुकड्यांची काच दिसली. आजोबांनी दोन दिवस वाद घातला आणि तिसऱ्या दिवशी निमूटपणे काच बदलायला काढली. हे सांगताना आजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नवऱ्याला कागद दाखवून गप्प करण्याचं सुख सगळीकडे सारखंच, नाही का?

पण नुसत्या फोटोवर विश्वास ठेवायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलं. दुकानदार दिखाव्यासाठी गेल्या वर्षीची बोट नवी म्हणून उभी करायचा. कुणी आपल्या पदरचे दिवे, कडी बसवायचा. शिवाय कृष्णधवल फोटोत गादीचा रंग लाल की हिरवा, ते कुठे कळतं! त्यासाठी दुसरा पुरावा लागतो. क्रिस-क्राफ्टनं प्रत्येक बोटीचं एक कार्ड ठेवलं होतं. तिथे त्याला ‘हल कार्ड’ म्हणतात. बोटीच्या लाकडावर नंबर ठोकलेला असतो. त्या नंबरच्या कार्डावर बोट कधी तयार झाली, इंजिन कुठलं बसवलं, कुठल्या गावच्या कुठल्या डीलरला रवाना केली, आणि बऱ्याचदा रंग आणि गाद्यासुद्धा लिहिलेल्या असतात. ही कार्डं आज व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज इथल्या ‘मरिनर्स म्युझियम’मध्ये जपून ठेवली आहेत. नंबर कळवला आणि फी भरली की कार्डाची प्रत घरी येते. फोटो एक सांगतो, कार्ड दुसरं सांगतं, आणि दोन्ही जुळलं की मगच खरं मानायचं. युद्ध संपल्यावर लगेचच्या काळात महोगनीची टंचाई होती, म्हणून काही बोटी दुसऱ्या लाकडाच्या करून चक्क रंगवल्या होत्या. आज एखादा हौशी मालक अशी बोट खरवडून, चकचकीत व्हार्निश लावून ‘अगदी मूळची’ म्हणून मिरवतो. दुकानासमोरचा एक साधा फोटो असेल, तर त्याची चूक कळते.

हे सगळं मी कौतुकानं ऐकत होते. पण तिसऱ्या-चौथ्या दुपारी माझं लक्ष दुसरीकडेच जायला लागलं. एका फोटोत बोटीशेजारी तीन पुरुष उभे आणि बोटीत बसलेली एक बाई. फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीनं तिन्ही पुरुषांची नावं, बोटीची लांबी, इंजिनाची ताकद, सगळं होतं. बाईचं नाव नव्हतं. दुसरा फोटो घेतला, तिथेही तेच. तिसऱ्यात टाइपरायटरपुढे बसलेली एक मध्यमवयीन बाई, पाठीमागे हप्त्यांच्या नोंदींची जाडजूड पुस्तकं. मागे फक्त लिहिलंय, ‘ऑफिस.’

मी विचारलं, ‘‘या कोण हो?’’

आजींनी भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘‘ती डीलरची बायको असावी. मीही इतकी वर्षं काचच बघत राहिले.’’

आता सांगा मैत्रिणींनो, इंजिनाचा नंबर माहीत, काचेचे तुकडे किती ते माहीत, लाकूड कुठलं ते माहीत. आणि जिनं त्या दुकानाचे हिशेब सांभाळले असतील, तिचं नाव मात्र ‘ऑफिस’! बाकीच्या बायका म्हणजे शोभेच्या. केस वाऱ्यावर उडताहेत, हात हलवताहेत, जणू बोटीबरोबर फुकट मिळणारी वस्तू.

बायकांचा आणि बोटींचा संबंध काय तेवढाच होता? मुळीच नाही. 1927 मध्ये वॉशिंग्टनला ‘प्रेसिडेंट्स कप’ ही वेगवान बोटींची शर्यत डेल्फीन डॉज या बाईनं जिंकली होती. मोटारवाल्या डॉज घराण्यातली ही मुलगी. मॅरियन कार्स्टेअर्स ही बाई तर इंग्लंडहून येऊन 1928, 1929 आणि 1930, अशी सलग तीन वर्षं डेट्रॉइटमध्ये गार वूड या गाजलेल्या शर्यतवीराच्या विरुद्ध पाण्यात उतरली. ती जिंकली नाही, पण पुनःपुन्हा आली. दुसऱ्या महायुद्धात क्रिस-क्राफ्टच्या कारखान्यांतून सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटी बाहेर पडत होत्या, आणि त्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत लाखो बायका पान्हे आणि करवती चालवत होत्या. युद्ध संपलं, पुरुष घरी आले आणि जाहिरातींतल्या बायका पुन्हा बोटीत हात हलवायला जाऊन बसल्या. शर्यत जिंकणारीचं आणि श्रीमंताच्या लेकीचं नाव उरतं. टाइपरायटरपुढे बसणारीचं कुणी लिहिलं तरच उरतं.

आजींनी त्याच संध्याकाळी त्या डीलरच्या गावातल्या ग्रंथालयाला फोन लावला. जुन्या वर्तमानपत्रांतून काही मिळेल का, म्हणून. मी निघेपर्यंत उत्तर आलं नव्हतं. पण त्या कामाला लागल्या होत्या.

विमानात मला झोप आली नाही. कारण असाच एक फोटो आमच्याही घरी आहे.

माझ्या वडिलांची तालुक्याच्या गावी शिलाई मशीनची एजन्सी होती. 1983 मध्ये दुकान सुरू झालं, त्या दिवशीचा फोटो. दारात तोरण, ओळीनं मांडलेली मशीनं, हार घातलेले कंपनीचे साहेब, वडील, दोन्ही काका. आणि कोपऱ्यात मशीनवर बसलेली, मान खाली घालून कशिदा करून दाखवणारी एक बाई. गेल्या दिवाळीत माझ्या भाच्यानं तो फोटो बघून विचारलं होतं, ‘‘आत्या, ही कंपनीची मॉडेल का?’’ आम्ही हसलो होतो. ती माझी आई.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते बिस्किटांच्या डब्यातून तो फोटो काढून उलटा केला. मागे वडिलांचं सुरेख अक्षर. साहेबांचं नाव हुद्द्यासकट, काकांची नावं, अगदी हार घेऊन आलेल्या नोकराचंही नाव. आणि शेवटी एकच शब्द, ‘सौ.’

वडिलांना मी दोष देत नाही. त्या काळात तेच सभ्यतेचं मानलं जायचं. पण दुकान चाललं ते कुणामुळे? गिऱ्हाईक बाई दुकानात आली की काउंटरवरच्या पुरुषांशी बोलायला लाजायची. तिला मशीन चालवून दाखवायची आई. दोरा ओवण्यापासून काजं-बटणांपर्यंत सगळं शिकवायची आई. मागच्या खोलीत दुपारी शिवणाचा वर्ग घ्यायची आई. बायका हप्त्यावर मशीन न्यायच्या आणि शिवून हप्ता फेडायच्या. त्यात नवऱ्यानं टाकलेल्या होत्या, कमी वयात कपाळ पांढरं झालेल्या होत्या. त्या मशीनवर त्यांनी पोरं शिकवली.

आता माझीच एक चूक सांगते. 2009 मध्ये दुकान बंद केलं, तेव्हा आवराआवर मी आणि भावानं मिळून केली. हप्त्यांच्या वह्या होत्या, लाल कापडी बांधणीच्या, चांगल्या वीस-बावीस. प्रत्येक मशीनचा नंबर, ती कुणी नेली, गाव कुठलं, हप्ता किती. ‘काय करायच्यात ठेवून?’ म्हणून आम्ही त्या रद्दीत घातल्या. किलोवर! मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली बाई. बचत गटाच्या सभेत ‘नोंदी ठेवा, नोंदी ठेवा’ म्हणून कंठशोष करणारी. आणि शेकडो बायकांच्या कष्टाची नोंद मी स्वतःच्या हातानं तराजूत टाकली. त्या म्युझियममधल्या बोटींच्या कार्डांबद्दल ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडला होता, तो यामुळे. त्यांनी बोटींची जपली, आम्ही माणसांची विकली.

गेलेलं परत येत नाही. पण डबा शिल्लक होता आणि आई समोर होती. एका दुपारी तिच्यापुढे फोटो मांडले. आधी म्हणाली, ‘‘कशाला गं उकरून काढतेस?’’ मग चष्मा मागवला. मग बोलायलाच लागली. शिवणवर्गाच्या पहिल्या तुकडीचा फोटो आहे, 12 जणी. आईनं त्यातल्या 9 जणींची नावं घडाघडा सांगितली. कोण कुठली, कुणाचं टिपण सरळ यायचं, कोण पोराला झोळीत टाकून शिवायची. तीन नावं आठवेनात. त्यांतल्या एकीचं दुसऱ्या दिवशी बाजारपेठेतल्या टेलर मावशींकडे जाऊन मिळालं. त्याही त्या बाराजणींतल्याच. फोटो बघून पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘‘माझा एवढा एकच फोटो आहे बघ त्या वयातला, आणि तो तुमच्या घरी!’’ दोन नावं अजून सापडलेली नाहीत.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? आम्हाला स्वयंपाक, नोकरी, मुलांचे अभ्यास आहेत. आणि आता तर मोबाईलमध्ये हजारो फोटो असतात. तेच तर म्हणते मी. हजारो आहेत, पण त्यांच्या मागे लिहायला जागा नाही. पन्नास वर्षांनी ते उघडतील की नाही, हेही माहीत नाही. आणि लिहून ठेवणं हे काही पुरुषांचं किंवा विद्वानांचंच काम नाही. त्या आजी काही इतिहासाच्या प्राध्यापिका नव्हेत, आयुष्यभर शाळेच्या कॅन्टीनमध्ये नोकरी केलेल्या बाई. नवरा बोट घासत बसतो, आपण फोटो बघू, एवढ्यावरून त्यांनी सुरुवात केली.

लग्नाचे, बारशाचे फोटो आपण अल्बममध्ये लावतोच. माझं म्हणणं धंद्याच्या, कामाच्या फोटोंबद्दल आहे. किराणा दुकानाचं उद्घाटन, पिठाच्या गिरणीची पूजा, ट्रॅक्टर घरी आला तो दिवस, दूध डेअरी, पापडाचा गृहउद्योग. त्यांत कडेला, मागे, अर्धवट कापली गेलेली एखादी बाई असतेच. ती नुसती पूजेला उभी नव्हती, पहाटे उठून तो धंदा तिनंही ओढलाय. तिचं नाव लिहा. ‘सौ.’ नाही, ‘आई’ नाही, ‘वहिनी’ नाही. तिचं स्वतःचं, पूर्ण नाव.

लिहिताना मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढे वळ उठतो आणि शाई पसरते. चिकटवणाऱ्या अल्बममध्ये फोटो लावू नका, पुढे निघता निघत नाहीत. मोबाईलवर फोटोची पुढची बाजू घ्याल, तेव्हा मागचीही घ्या. आणि ज्यांना माहीत आहे, त्या सत्तरी-ऐंशीच्या बायका घरात आहेत तोवर विचारा. दुपारी चहाच्या वेळी दोन फोटो पुरेत. दुकान आवरायला काढाल, तेव्हा वह्या रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा.

पुढच्या महिन्यापासून आमच्या मंडळात दर गुरुवारी प्रत्येकीनं घरातला एक जुना फोटो आणायचा, असं ठरलंय. पहिल्या गुरुवारी मी आईचा तो फोटो नेणार आहे. मागे ‘सौ.’च्या पुढे तिचं नाव मी लिहिणार होते, पण आईनंच पेन्सिल मागून घेतली. सही करावी तसं तिनं ते स्वतः लिहिलं.

तुमच्या घरच्या डब्यात काय आहे, बघाल ना?